चाकणहून आलेलं पत्र: आर्क फ्लॅशसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

प्रश्न: चाकण एमआयडीसीत आमचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तिथलं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स मी बघते. महावितरणचा २२ केव्हीचा पुरवठा, १६०० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, १०१० केव्हीएचे दोन डीजी (डिझेल जनरेटर), छपरावर सोलर आणि लहानमोठी साठेक पॅनेलं असा पसारा आहे. एका परदेशी ग्राहकाने ऑडिटमध्ये आर्क फ्लॅश स्टडी, म्हणजे पॅनेलमध्ये विजेचा भडका उडाला तर किती उष्णता येईल याचा हिशेब, आणि प्रत्येक पॅनेलवर लेबल मागितलंय. साहेब म्हणाले, एखादं चांगलं सॉफ्टवेअर बघ, घेऊन टाकू. तीन कंपन्यांचे डेमो पाहिले, तिन्ही सारखेच वाटले. एक कंत्राटदार म्हणतो, एक्सेलवर करून देतो, ऑडिटरला लेबलाशी मतलब. एका सहकाऱ्याकडे एका नामांकित सॉफ्टवेअरची ‘चालणारी’ कॉपी आहे. आणि आमचे जुने वायरमन विचारतात, ४३३ व्होल्टला एवढं काय घाबरायचं? मी काय करू?

उत्तर: तुमच्या वायरमनचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

४३३ व्होल्टचा शॉक त्यांनी आयुष्यात कधी ना कधी खाल्लेला असतो, म्हणून त्यांना तो ओळखीचा वाटतो. आर्क फ्लॅशमध्ये शॉक लागायची गरजच नसते. हातातला पान्हा निसटतो, पॅनेलमध्ये उंदीर शिरतो, किंवा बाहेर काढलेला एसीबी (मोठा एअर सर्किट ब्रेकर) परत आत सरकवताना कॉन्टॅक्ट नीट बसत नाही. दोन फेजांमध्ये हवेतूनच करंट सुरू होतो, तांब्याची वाफ होते आणि उष्णतेचा लोट जिकडे वाट मिळेल तिकडे, म्हणजे उघड्या दारातून समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो. उघड्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी पडल्या की सेकंड डिग्रीचं भाजणं सुरू झालं असं धरतात. पुढे मी नुसतं ‘कॅलरी’ म्हणेन, ते या हिशेबाने.

आता तुमचाच ट्रान्सफॉर्मर घेऊ. १६०० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण लोडला २,१३३ अँपिअर. नेमप्लेटवर इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) ६.२५ टक्के असेल तर दुय्यम बाजूला बोल्टेड शॉर्ट सर्किट करंट जास्तीत जास्त ३४ किलोअँपिअर. पण आर्क म्हणजे तिन्ही फेज बोल्टने आवळून जोडलेले नसतात. मधे हवेची झळझळती वाट असते, तिचा स्वतःचा अडथळा असतो. आयईईई १५८४ या आर्क फ्लॅशच्या हिशेबाच्या मानकाच्या २००२ सालच्या सूत्रात हे आकडे घातले, बंद पॅनेल आणि बसबारमधलं (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या पट्ट्यांमधलं) अंतर ३२ मिलिमीटर धरलं, तर आर्कचा करंट १६ किलोअँपिअरच्या आसपास येतो. निम्म्याहूनही कमी! आणि माणूस ६१० मिलिमीटरवर उभा असेल तर ब्रेकरने ०.०५ सेकंदात तोडल्यास त्याच्यापर्यंत पावणेदोन कॅलरी पोचतात, ०.२ सेकंदात तोडल्यास सात, ०.४ सेकंदात चौदा आणि दोन सेकंद लागले तर ६९. पॅनेल तेच, व्होल्टेज तेच, माणूस तोच. बदलला फक्त वेळ. वायरमनना हे चार आकडे फळ्यावर लिहून दाखवा.

हे जुनं सूत्र मी मुद्दाम वापरलं, कारण ते साध्या कॅल्क्युलेटरवर बसतं. स्टडी मात्र २०१८ च्या आवृत्तीनेच करायची. तिच्यामागे अठराशेहून जास्त चाचण्या आहेत, जुन्या आवृत्तीमागे तीनेकशे होत्या. नवीन आवृत्तीत पॅनेलच्या पेटीचा आकार लागतो, कंडक्टर उभे आहेत की आडवे हे लागतं, आणि ६०० व्होल्टच्या वर ६००, २,७०० आणि १४,३०० व्होल्टवर आकडे काढून त्यांच्यामधून तुमच्या व्होल्टेजचं उत्तर काढावं लागतं. त्यामुळे तुमचे नेमके आकडे वेगळे येतील. वेळेचं गणित मात्र बदलत नाही.

इथे तुमच्या एक्सेलवाल्या कंत्राटदाराकडे येऊ. एक्सेलला माझा विरोध नाही. २०१८ च्या सूत्रांसाठी आयईईईने स्वतःच एक्सेलचं शीट तयार करून दिलेलं आहे आणि एखाद्या पॅनेलचा आकडा पडताळायला ते उत्तम आहे. पण त्या शीटला दोन गोष्टी आयत्या द्याव्या लागतात, बोल्टेड करंट आणि ब्रेकर किती वेळात तोडेल तो वेळ. खरी मेख त्या वेळात आहे.

समजा, तुमच्या मेन पॅनेलचा इनकमर, म्हणजे पुरवठा आत घेणारा ब्रेकर, २,५०० अँपिअरचा एसीबी आहे. खालच्या ब्रेकरशी मेळ राहावा (फॉल्टला आधी खालचा तुटावा) म्हणून पॅनेलवाल्याने इन्स्टंटेनियस (क्षणात तोडणारं) सेटिंग बंद ठेवलंय आणि शॉर्ट टाइमचं (थोडं थांबून तोडणारं) सेटिंग ८ पट, ०.४ सेकंद करून दिलंय. ८ पट म्हणजे २,५०० च्या आठपट, २० किलोअँपिअर. कंत्राटदार बघतो, फॉल्ट ३४ किलोअँपिअरचा, २० च्या वर आहे, म्हणजे ०.४ सेकंदात ट्रिप. तो लेबलावर १४ कॅलरी छापून मोकळा होतो. प्रत्यक्षात आर्क १६ किलोअँपिअरचाच आहे. तो २० ला पोचतच नाही. ब्रेकरला तो मोठा ओव्हरलोड वाटतो आणि लाँग टाइमच्या वक्राप्रमाणे (ओव्हरलोडला किती करंटला किती वेळात तोडायचं त्या आलेखाप्रमाणे) तो आठ-दहा सेकंद वाट बघत बसतो. १५८४ मध्ये अशा वेळी एक सवलत आहे. समोरून पळायला जागा असेल तर माणूस दोन सेकंदांत बाजूला होईल असं धरायला हरकत नाही. तशी सवलत घेऊनही ६९ कॅलरी होतात. एनएफपीए ७०ई या अमेरिकन विद्युत सुरक्षा मानकातली सर्वांत जड पीपीई (संरक्षक पोशाखाची) कॅटेगरी ४० कॅलरीला संपते. म्हणजे लेबल वाचून २५ कॅलरीचा संरक्षक सूट घालून गेलेला माणूस नियम पाळूनही भाजणार.

आणि उपाय? त्या एसीबीच्या रिलीजवरचं (ट्रिपचा हुकूम देणाऱ्या भागावरचं) शॉर्ट टाइमचं बटण ८ वरून ४ वर आणणं. १० किलोअँपिअरला शॉर्ट टाइम सुरू झालं की ०.४ सेकंदात ट्रिप आणि आकडा परत चौदावर. ५ वर ठेवलं तर चालणार नाही का? १२.५ किलोअँपिअर होतात, आर्क १६ चा आहे, चालायला हवं. पण आर्कचा करंट कधी स्थिर नसतो. २००२ च्या पद्धतीत तो १५ टक्के कमी धरूनही हिशेब करावा लागतो, म्हणजे १३.४. रिलीजची टॉलरन्स १० टक्के धरली तर ५ पटीचं सेटिंग पावणेचौदापर्यंत सरकू शकतं. काठावर आलात. २०१८ मध्ये १५ टक्क्यांच्या जागी वेगळा गुणांक आहे, तत्त्व तेच. अर्थात ४ वर आणताना खालच्या मोठ्या फीडरशी मेळ बिघडत नाही ना, सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर इनकमर उगाच पडत नाही ना, हेही बघावं लागेल.

सॉफ्टवेअर लागतं ते या कामासाठी. तुम्ही पैसे मोजता ते शॉर्ट सर्किट, ब्रेकरचे वक्र आणि आर्क फ्लॅश ही तिन्ही कामं एकाच मॉडेलवर एकमेकांशी बोलतात यासाठी. नुसत्या सूत्राला कोणी पैसे मागत नाही. डेमोमध्ये हे कधी दिसत नाही, कारण डेमोची फाइल विक्रेत्याने घोटून घोटून गुळगुळीत केलेली असते. म्हणून तिन्ही डेमो सारखे वाटले, यात तुमचा काही दोष नाही.

तिघांनाही परत बोलवा. या वेळी त्यांची फाइल नको, तुमची एक साखळी द्या. २२ केव्हीचा व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) आणि त्याला तोडायला सांगणारा रिले, एक ट्रान्सफॉर्मर, मेन पॅनेलचा इनकमर, तिथून निघणारी एक केबल आणि एक एमसीसी (मोटरींचं कंट्रोल पॅनेल). खऱ्या सेटिंगसकट. तुमच्यासमोर बसून मॉडेल उभं करायला सांगा आणि तुम्ही शेजारी वही घेऊन बसा.

पहिलं बघा ते लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली ब्रेकर, रिले, केबलची माहिती. तुमचे ब्रेकर कोणते आहेत? पुण्याकडच्या कारखान्यांत एल अँड टी, सी अँड एस, श्नायडर, एबीबी, सीमेन्स यांची सरमिसळ असते आणि जुन्या व्हीसीबीवर अजून चकती फिरणारे सीडीजी रिले निघतात. लायब्ररी मुळात अमेरिकन असेल तर त्यातले निम्मे सापडत नाहीत. एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून ते ब्रँड लॉरिट्झ नुडसेन झालंय, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. न सापडलेला ब्रेकर विक्रेत्याने ‘जवळचा’ म्हणून दुसरा उचलला तर तिथेच थांबवा. कॅटलॉगमधल्या वक्रावरून नवीन नोंद किती वेळात करता येते ते करून दाखवायला सांगा, कारण हे काम तुम्हाला दहा वेळा करावं लागणार आहे. केबलचंही तसंच. आपल्या साडेतीन कोअरच्या अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड केबलचे आकार चौरस मिलिमीटरमध्ये मिळाले पाहिजेत.

दुसरं, सप्लायची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर महावितरणकडून किती करंट येईल तो आकडा. विक्रेता विचारेल तेव्हा बहुतेक जण व्हीसीबीच्या पाटीवरचा २५ किलोअँपिअर सांगून टाकतात. तो ब्रेकर किती तोडू शकतो त्याचा आकडा आहे, तुमच्या गेटवर किती येतो त्याचा नव्हे. महावितरणकडे लेखी मागा, कमाल आणि किमान दोन्ही. ब्रेकर आणि बसबारची ताकद तपासताना कमाल आकडा लागतो, आयईसी ६०९०९ या शॉर्ट सर्किटच्या मानकाची सवय आपल्याला त्याचीच लावते. आर्क फ्लॅशला अनेकदा किमान आकडा जास्त घातक ठरतो, कारण करंट कमी झाला की ब्रेकर सुस्तावतो. सॉफ्टवेअरमध्ये एकाच मॉडेलवर दोन्ही स्थिती ठेवून प्रत्येक पॅनेलसाठी वाईटातला वाईट आकडा आपोआप वेचता आला पाहिजे.

तिसरी परीक्षा डीजीची आहे आणि बरेच जण इथे घसरतात. महावितरण बंद करा, एक डीजी सुरू करा आणि त्याच पॅनेलचा आकडा परत काढायला सांगा. १०१० केव्हीएचा अल्टरनेटर सुरुवातीच्या काही सायकल दहा-बारा किलोअँपिअर देईल, मग उतरत तीनेक पटीवर, म्हणजे चार-सव्वाचार किलोअँपिअरवर येईल. त्यात आर्कचा करंट आणखी कमी. ट्रान्सफॉर्मरसाठी लावलेलं शॉर्ट टाइम सेटिंग याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. सॉफ्टवेअर जर अल्टरनेटरचा करंट शेवटपर्यंत सुरुवातीइतकाच धरत असेल तर ते तुम्हाला खोटा दिलासा देतंय. महिन्याला चार वेळा डीजीवर जाणाऱ्या कारखान्यात ही स्थिती कागदावरची नाही. सोलरचा इन्व्हर्टर आपल्या रेटिंगपेक्षा फारसा जास्त करंट देत नाही, त्यामुळे त्याची एवढी काळजी नको. मॉडेलमध्ये तो असू दे म्हणजे झालं.

मग इनकमरचं केबिन. लेबल लावताना हीच जागा सर्वांत फसवी. इनकमरच्या खालच्या बाजूला आर्क झाला तर तो इनकमर तोडतो. वरच्या बाजूला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या बसडक्टवर झाला तर इनकमर काहीच करू शकत नाही, तोडणार तो २२ केव्हीचा व्हीसीबी. दुय्यम बाजूचे १६ किलोअँपिअर २२ केव्हीवर जेमतेम ३१५ अँपिअर दिसतात. तिथल्या रिलेचं इन्स्टंटेनियस तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या पूर्ण फॉल्टच्या, म्हणजे ६७० अँपिअरच्या वर ठेवावं लागतं. तेव्हा ते हलणार नाही, सगळी भिस्त आयडीएमटीवर, म्हणजे करंट जितका कमी तितका उशिरा तोडणाऱ्या रिलेवर, आणि तो निवांत चालतो. सॉफ्टवेअरने या दोन बाजूंचे दोन वेगळे आकडे दाखवले पाहिजेत आणि त्या केबिनवर मोठा आकडा छापला पाहिजे. विक्रेत्याने एकच आकडा दाखवला तर विचारा, हा कुठल्या बाजूचा? तो गडबडला तर समजून जा.

कंडक्टरच्या मांडणीचंही विचारा. २०१८ च्या आवृत्तीत पाच मांडण्या आहेत, बंद पेटीतल्या तीन आणि उघड्या हवेतल्या दोन. ड्रॉ-आउट (सरकवून काढता येणारा) एसीबी बाहेर काढला की मागचे कॉन्टॅक्ट आडवे, थेट तुमच्याकडे रोखलेले असतात आणि त्या मांडणीत उष्णता सर्वांत जास्त समोर येते. मॉड्यूल उघडल्याबरोबर सगळीकडे ‘उभे कंडक्टर, पेटीत’ असं आपोआप भरलेलं असेल आणि कोणी बदललं नसेल, तर अहवाल देखणा होईल आणि आकडे कमी येतील.

आता एक गोष्ट, जी अमेरिकेत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये ठळकपणे सापडणार नाही, कारण त्यांच्या कारखान्यांना ती फारशी नडत नाही. १५८४ चं मॉडेल २०८ व्होल्टपासून १५ केव्हीपर्यंतच लागू आहे. ११ केव्हीचा पुरवठा असता तर विषय नव्हता. तुमचा २२ केव्हीचा आहे, कुणाचा ३३ चा असतो. तुमच्या गेटवरचा एचटी पॅनेल या मॉडेलच्या बाहेर पडतो. पूर्वी अशा ठिकाणी राल्फ ली यांचं १९८२ चं सैद्धांतिक सूत्र वापरत, २००२ च्या आवृत्तीत ते होतं, २०१८ मध्ये काढून टाकलं. उच्च दाबाला ते अवास्तव मोठे आकडे देतं. काही सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दुसऱ्या पद्धती असतात, काहींत अजून लीच बसवलेलं असतं, काही मुकाट्याने १५८४ ताणून पुढे नेतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. विक्रेत्याला थेट विचारा, २२ केव्हीला तुम्ही कुठलं मॉडेल वापरता आणि अहवालात ते लिहून येतं का? याच प्रश्नाचा धाकटा भाऊ म्हणजे डीसी. यूपीएसच्या बॅटरी बँक आणि सोलरच्या डीसी बाजूला १५८४ लागूच होत नाही, त्याचं मॉड्यूल वेगळं आणि बहुधा किंमतही वेगळी.

नावं सांगायचं टाळतोय असं वाटायला नको. ईटॅप, एसकेएम पॉवरटूल्स आणि ईझीपॉवर या तिन्हीमध्ये तुमचं काम व्यवस्थित होईल. आपल्याकडे ईटॅप येणारी माणसं सहज मिळतात आणि त्यात आयईसीच्या पद्धतीवर चांगली पकड आहे. त्यात श्नायडरची मोठी भागीदारी आहे, पण लायब्ररीत इतर कंपन्याही असतात, तेवढ्यावरून नाक मुरडू नका. एसकेएम अमेरिकन ग्राहकांच्या ओळखीचं, वक्रांचं काम त्यात छान होतं. ईझीपॉवर शिकायला सोपं, ज्याला वर्षातून दोनदाच हे काम करायचंय त्याच्या हातात लवकर बसतं. जर्मनीचं डिगसायलेंट पॉवरफॅक्टरी भक्कम आहे, पण ते ग्रिड आणि मोठ्या सोलर-पवन प्रकल्पवाल्यांचं हत्यार. तुमच्या साठ पॅनेलांसाठी जड पडेल. बंगळुरूच्या पीआरडीसीचं माय-पॉवर वीज कंपन्यांच्या लोकांना ठाऊक असतं, त्यांनाही हेच सगळे प्रश्न विचारून बघायला हरकत नाही. स्विचगिअर कंपन्या फुकट देतात ती सॉफ्टवेअर त्यांचाच माल निवडायला आणि केबलचे आकार ठरवायला बरी, या कामाला नाहीत. कोटेशन वाचताना बसची (मॉडेलमधल्या जोडबिंदूंची) संख्या बघा, बहुतेक लायसन्स त्यावर ठरतं. साठ पॅनेलं म्हणजे साठ बस नव्हे. ट्रान्सफॉर्मरची टोकं, डीजीची टोकं, इनकमरच्या दोन बाजू धरून आकडा बराच पुढे जातो. शॉर्ट सर्किट, कोऑर्डिनेशन (ब्रेकरांचा मेळ) आणि आर्क फ्लॅश ही मॉड्यूलं वेगवेगळी लावलीत का आणि दुसऱ्या वर्षापासून मेंटेनन्सचे किती, हे दोन्ही लेखी घ्या. पर्चेसवाले पहिल्याच ओळीवरची रक्कम बघतात.

सहकाऱ्याच्या ‘चालणाऱ्या’ कॉपीबद्दल एवढंच. कायद्याचं सोडा, अशा कॉप्या जुन्या असतात, त्यांत २०१८ ची आवृत्ती असेलच असं नाही, लायब्ररी अपडेट होत नाही आणि अहवालावर लायसन्स कोणाच्या नावावर आहे ते बहुधा छापून येतं. परदेशी ग्राहकाच्या ऑडिटरसमोर ते पान ठेवायची तुमची तयारी आहे का?

आता मुख्य सल्ला. तो साहेबांना कदाचित आवडणार नाही. या वर्षी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

एका कारखान्यासाठी, साठ पॅनेलांसाठी, लायसन्स घ्यायचं, माणूस शिकवायचा, त्याने सहा महिन्यांत नोकरी बदलायची आणि डोंगल (लायसन्सची किल्ली) कपाटात धूळ खात पडायचा, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. तुमच्या ग्रुपचे चार-पाच कारखाने असतील तर गोष्ट वेगळी. मग एक नेटवर्क लायसन्स आणि दोन माणसं, तीही एकाच वेळी रजेवर न जाणारी. नाहीतर स्टडी चांगल्या कन्सल्टंटकडून करून घ्या, पण वर्क ऑर्डरमध्ये एक अट घाला. शेवटचं बिल निघण्याआधी मूळ मॉडेलची फाइल, त्यासाठी बनवलेल्या लायब्ररीच्या नोंदी, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि भरलेल्या सर्व माहितीचा तक्ता तुमच्या ताब्यात आला पाहिजे. फक्त पीडीएफ नाही. पुष्कळ कन्सल्टंट फाइल द्यायला खळखळ करतात, कारण पुढच्या वेळी तुम्ही परत त्यांच्याकडेच यावं. एनएफपीए ७०ई प्रमाणे स्टडी जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासावी लागते आणि मधे ट्रान्सफॉर्मर बदलला, मोठं पॅनेल वाढलं की लगेच. फाइल हातात नसेल तर दर वेळी पहिल्यापासून पैसे. स्कोप लिहायला आयईईई १५८४.१ हा वेगळा दस्तऐवज आहे, स्टडीत काय काय मिळालं पाहिजे हे त्यात आहे. ऑर्डर काढण्याआधी तो वाचाच. वर दिलेली साखळीची परीक्षा मात्र सोडू नका, ती आता कन्सल्टंटची घ्या. सॉफ्टवेअर त्यांचं असेल, पण वापरणारा कसा आहे ते त्या दोन तासांत कळतं.

दरम्यान तुमच्याकडे भरपूर काम आहे आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. एसएलडी (सगळ्या जोडण्यांचा एकरेषी नकाशा) काढा. ऑफिसात लावलेली नव्हे, प्रत्यक्ष आहे तशी. मला भेटलेल्या बहुतेक कारखान्यांत भिंतीवरची एसएलडी आणि जमिनीवरची केबल यांची फारकत होऊन वर्षं झालेली असतात. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटचे फोटो, इम्पिडन्सचा आकडा स्पष्ट दिसेल असे. प्रत्येक एसीबीच्या रिलीजचा फोटो, बटणं कुठल्या आकड्यावर आहेत ते वाचता येईल असा. रिलेची सेटिंग शीट आणि सीटीचं (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) रेशो. केबलची लांबी पावलांनी मोजली तरी चालेल, पण मोजा. एसीबीचं रिलीज बाहेरूनच दिसतं. एमसीसीबीसाठी (लहान, बंद खोक्यातल्या ब्रेकरसाठी) दार उघडावं लागेल, ते चालू पॅनेलवर उघडू नका आणि कोणाला उघडू देऊ नका. गुरुवारच्या सुट्टीला एकेक फीडर बंद करून घ्या, जे उरेल ते दिवाळीच्या शटडाऊनला. नेमप्लेट न बघता सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे डोळ्यांचा नंबर न काढता चष्म्याची फ्रेम पसंत करणं, आणि साहेबांनी नेमकं तेच काम तुमच्यावर सोपवलंय.

हे फोटो गोळा करतानाच काही पॅनेलांवर शॉर्ट टाइमचं बटण कारखान्यातून आलं तसंच, कमाल आकड्यावर सापडेल. ते तिथल्या तिथे फिरवू नका, नोंद करून ठेवा. स्टडीचा पहिला मसुदा आला की कोणत्या पॅनेलांचा आकडा ४० च्या वर गेलाय ते बघा आणि लेबलं छापण्याआधी कन्सल्टंटला सेटिंग सुधारून दुसरा फेरा करायला लावा. हा दुसरा फेराही ऑर्डरमध्येच लिहा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे लागतील. तरीही जिथे आकडा उतरत नाही, आणि इनकमरच्या वरच्या बाजूला तो सहसा उतरत नाही, तिथे आर्कचा प्रकाश ओळखून २२ केव्हीचा व्हीसीबी तोडणारा रिले किंवा देखभालीच्या वेळी तात्पुरतं जलद ट्रिप लावणारा स्विच यांचा विचार करा. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे आधी मॉडेलवर घालून आकडा किती उतरतो ते बघता येतं, म्हणजे साहेबांकडे खर्च मागायला कागद तयार.

लेबलांची एक बारीक गोष्ट. ऑडिटरला इंग्रजी लेबल हवं असेल, पण पॅनेल उघडणारा तुमचा वायरमन आहे. आकडा, अंतर आणि कोणता सूट घालायचा एवढं मराठीतही छापून मिळेल का, हे विचारा. सॉफ्टवेअरच्या लेबल साच्यात देवनागरी नीट उमटते का ते एक लेबल प्रत्यक्ष प्रिंटरवर काढून बघा. पडद्यावर बरोबर दिसणारं जोडाक्षर थर्मल प्रिंटरवर फुटतं. फुटत असेल तर आकड्यांची यादी एक्सेलमध्ये काढून घ्या आणि लेबलं बाहेरून छापा, भोसरीत करून देणारे आहेत. आणि लेबलावर कॅलरीचा आकडा आणि पीपीई कॅटेगरी दोन्ही एकत्र छापू नका. एनएफपीए ७०ई ला ते चालत नाही आणि ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.